उलटा बाक

माझे सासरे सुतार आहेत आणि वाकडं लाकूड त्यांना बघवत नाही. कुणाची वाकडी काठी दिसली की ते ती मंद आचेवर शेकतात, अंगणातल्या बाभळीच्या बेचक्यात अडकवतात आणि अंगाचा भार टाकून सरळ करतात. आमच्या माकणीकडच्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या काठ्या त्या बेचक्यातून गेल्यात. कुणी सांगितलं नसलं तरी करतात, पुण्याचं काम असल्यासारखं. मला त्या पुण्याची चीड आहे.

कॉलेजात असताना मी धाराशिवला तिरंदाजी करायचे. लग्नानंतर बारा वर्षं धनुष्याला हात लागला नाही. मग कळलं की जिल्ह्याच्या निवड चाचणीत लाकडी धनुष्याचा गट आहे आणि वयाची अट पस्तिशीच्या आतली. मी चौतीस वर्षांची होते. म्हणजे मला हे एकच वर्ष होतं. तयार धनुष्य मिळालं असतं, पण मला माझ्या हातानं केलेलंच हवं होतं. हा हट्ट माझा, तो मी कुणावर ढकलत नाही.

लाकूड होतं. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या बांधावरचं धामणीचं झाड पडलं तेव्हा त्याची एक फांदी मी उभी चिरून घेऊन आले होते आणि माळ्यावर वाळायला टाकली होती. वाळता वाळता ती सालीच्या बाजूला चार बोटं वळली. धनुष्यात सालीची बाजू निशाणाकडं असते आणि दोरी आतल्या बाजूनं. म्हणजे हे लाकूड दोरीच्या उलट दिशेला वळलेलं. दोरी चढवायला लागलं की ते विरोध करतं आणि तो विरोधच बाणाला जोर देतो. असा बाक आपोआप मिळाला तर तो घालवायचा नसतो. फक्त घाई करायची नाही. आतल्या बाजूनं थोडं तासायचं, लांब दोरी लावून जरासं वाकवून बघायचं, कोणती बाजू जास्त ताठ आहे ते पाहून तिथंच पुन्हा तासायचं. माझ्या फांदीचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त वळला होता, त्यामुळं दुप्पट जपावं लागत होतं.

आमच्याकडं अमावास्येला सुताराच्या हत्याराला कुणी हात लावत नाही. मी ते मानत नाही, आणि सासऱ्यांचं कामाचं बाकडं, लाकूड आवळायचा शिकंजा मला अमावास्येलाच मोकळा मिळायचा. मी तासायचा वाकस आणि कानस घेऊन बसले की मामा, म्हणजे सासरे, पडवीत बसून सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणायचे, "सांग हिला, धनुष्य दोरीकडं वाकतंय. हे उलटं वाकलंय. नासकं लाकूड हाय." माझ्याशी थेट बोलणं त्यांनी तेव्हा जवळजवळ सोडलंच होतं. मीही त्यांना काही समजावलं नाही. चाळीस वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाला मी एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तो माझा मालक झाला असता.

अर्ज भरायला मी धाराशिवला गेले. संध्याकाळच्या एसटीनं परत आले तर माझं लाकूड भिंतीला टेकवून उभं होतं. पट्टी लावून आखावं तसं सरळ.

"केलं नीट," मामा म्हणाले. "आता चालंल."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या बायका दारात आल्या एवढं आठवतं. मामा एकदाच म्हणाले, "काठी वाकडी होती, सरळ केली. त्यात इतकं काय?" नवरा दोघांच्या मधे पडला नाही, तो कधीच पडत नाही.

पंधरा दिवस उरले होते. मी तेच लाकूड पुन्हा शेकलं आणि त्याला पुन्हा मागं वळवलं. पहिल्या चार बोटांच्या जागी दोनच बोटं बाक आला. त्यावर समाधान मानून तासलं, दोरी चढवली, रोज थोडी थोडी ओढ वाढवत गेले. चाचणीच्या चार दिवस आधी अंगणात पहिल्यांदा दोरी कानापर्यंत ओढली आणि धनुष्य मोडलं. एक तुकडा दारात जाऊन पडला.

मामा पडवीतून म्हणाले, "म्हटलं न्हवतं?"

मी दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले. जिथं मोडलं होतं तिथं सालीच्या बाजूला दाबाची खोलगट खूण होती, बाभळीच्या बेचक्याची. तिथले तंतू आधीच चिरडलेले. सुताराला ते सांगावं लागत नाही. त्यांनी अंगठा त्या खुणेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

चाचणीच्या दिवशी मी घरी भाकरी थापत होते. मामा जेवायला बसले. ताटाकडं बघत, पण माझ्याशी, ते म्हणाले, "तुझ्या माहेरच्या बांधावर अजून एक धामण हाय म्हणं. पुढल्या वर्षाला तिची फांदी आणू. वाकडी असली तर वाकडीच ठिवतो."

पुढल्या वर्षी मी वयाच्या त्या अटीत बसत नव्हते. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, "आणा."

गुडघे दुखत असताना दोन एसट्या बदलून त्यांनी ती फांदी खांद्यावरून आणली. पडवीच्या आढ्याला बांधून ठेवली. ती आता चांगली हातभर मागं वळलीय. रोज बाजेवर आडवे झाले की ती त्यांच्या बरोबर डोळ्यांवर येते, आणि त्यांनी तिला अजून बोट लावलेलं नाही. "वाळली का गं?" असं ते मला मधूनमधून विचारतात.

"अजून न्हाय, मामा," मी सांगते.