मरळसर आणि वीतभर मासोळी

मरळसर वर्गात यायचे ते एका हातात हजेरीबुक आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन. बादलीत जिवंत मरळ. अकरावीच्या पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर ओलं पोतं अंथरलं, मासोळी त्यावर ठेवली आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागले. आम्हा पोरींचं लक्ष कुठलं फळ्याकडे? आता मरते, मग मरते, म्हणून आम्ही हळहळत होतो. तास संपला तरी ती तोंडाने हवा घेत मजेत पडलेली. "पाण्यातली असून वारा पिते ही," सर म्हणाले. "कोणी शिकवलं हिले? कोणीच नाई. आटत्या डबक्यात जिले हे जमलं तिचे पिल्लं राह्यले, जिले नाई जमलं तिचे नाई राह्यले. झाला धडा." एवढ्यावरून त्यांना मरळसर हे नाव पडलं ते पडलंच. त्यांचं खरं नाव आमच्या कॉलेजात निम्म्या पोरांना ठाऊक नव्हतं.

मला मात्र ठाऊक होतं, कारण सर आमच्या शेजारचे. पोंभुर्ण्याच्या बाजूला आमचं गाव, जुन्या तलावाच्या पाळीखाली ढिवरांची तीसेक घरं. मासोळी धरायची, थोडा धान पिकवायचा, उरलेल्या दिवसांत मजुरीला जायचं. नव्वदचं दशक संपत आलं तरी आमच्या मोहल्ल्यात एम.एस्सी. झालेला माणूस एकच, तो म्हणजे सर. घरी मी त्यांना भाऊ म्हणायची आणि कॉलेजात सर. कधी कधी घाईत 'सरभाऊ' निघून जायचं आणि सगळा वर्ग हसायचा. सरही हसायचे, वर तेच नाव दोन दिवस चालवायचे.

ते रागवत फार कमी, पण दोन शब्दांवर त्यांचा दात होता. उत्तरपत्रिकेत कुणी 'उच्च प्राणी' किंवा 'मागासलेला प्राणी' लिहिलं, की लाल शाईची रेघ आणि अर्धा गुण कापलेला. मी एकदा वाद घातला, की पुस्तकातच तसं लिहिलंय. "मंग पुस्तकाचाबी अर्धा गुण कापू," ते म्हणाले. "गांडूळ चिखलात राह्यते अन् तिथं त्याचं बरं चालते. त्याले मागास म्हणणारा तू कोण? एक दिवस राहून दाखव त्याच्या घरी." सर आता नाहीत. मीही जीवशास्त्रच शिकवते आणि तो अर्धा गुण आजही कापते. पालक तक्रार करतात, करू देत.

माकडाचा प्रश्न दरवर्षी निघायचाच. माकडापासून माणूस झाला, तर ही एवढी माकडं अजून काऊन राह्यली? विचारणाऱ्याला वाटायचं, आता सरांना बरोबर पकडलं. सर त्यालाच विचारायचे, "तुह्या काकाले पोरं हायेत ना? मंग तू जन्मला तवा ते नाहीशे झाले का? आजा एक, पोरं वेगवेगळे. माकड आपला बाप नाई रे, चुलतभाऊ हाये." त्यावर मागच्या बाकावरून कुणी तरी, माझा चुलतभाऊ तर अगदी तसाच दिसतो, म्हणायचा. हाही विनोद दरवर्षीचाच, आणि सर दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

सरांचे वडील, आमचे सगळ्यांचे बाबाजी, म्हणजे तलावाचा कायदा. जाळं त्यांनी विणायचं आणि त्यांच्याच मापाने बाकीच्यांनी. वितीहून लहान मरळ जाळ्याच्या भोकातून निसटली पाहिजे, चुकून अडकलीच तर पाण्यात परत गेली पाहिजे, हा त्यांचा नियम. दुसऱ्या गावचे लोक बोटभर पिल्लंही ओरपून नेत, म्हणून आमचं गाव या नियमाचा फार तोरा मिरवायचं. मोठी धरा, लहान वाढू द्या. यात वाईट ते काय?

मी बारावीत असताना सरांनी तलावातली वीतभर मरळ वर्गात चिरली. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. सरांनी थोडी अंडी बोटावर घेऊन पाहिली. मग मला म्हणाले, "बाबांच्या जवानीत एवढी मरळ लेकरू राह्यत होती. हातभर झाल्यावर अंडी धरे. आता ही इतकुशीच माय बनून राह्यली." मी म्हटलं, तलावात गाळ भरलाय, पाणी लवकर आटतं, म्हणून असेल. "तेबी असन. मी नाई म्हणत नाई. पण आपण चाळीस वर्षं मोठीच धरून खाल्ली. जे वाढणारी होती ते अंडी टाकाच्या आधीच हंड्यात गेली. जे लहान राहूनच अंडी टाके, तिचाच वंश वाढला. लहान मासोळी आपणच निवडली पोरी, पिल्लायची दया करता करता."

हे त्यांनी घरी सांगितलं आणि पंचाईत झाली. सरांचं मागणं मोठं नव्हतं. काही वर्षं हातभर मरळ दिसली की ती सोडावी, मधल्या मापाची धरावी. पण बाबाजींना ऐकू आलं ते एवढंच, की जन्मभराचा नियम चुकीचा होता, आणि तो चुकीचा ठरवणारा आपलाच पोरगा. "चाळीस वर्षं पिल्लं वाचवून राह्यलो," ते म्हणाले, "अन् तुह्या मतानं मीच मासोळी बिघडवली?" त्या दिवसापासून ते सरांशी बोलेनात. एका घरात राहून निरोप माझ्यामार्फत जायचे. त्या मास्तरले सांग, जेवाले ये म्हणा. मास्तर तिथेच तीन हातांवर उभे असायचे. सर वरून हसायचे, पण मला दिसायचं, ते आतून खचले होते. बाप सोडून बाकी सगळ्या जगाने होकार दिला असता तरी त्यांना तो पुरला नसता.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला आमच्या गावची पोरं नाचात होती, म्हणून निम्मं गाव आलं होतं. बाबाजीही मागे बसले होते. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या मर्जीतले एक पाहुणे भाषणाला उभे राहिले. विज्ञान सांगतं, बलवान टिकतो आणि दुबळा मागे पडतो, असं ते म्हणाले. आज जे समाज मागे आहेत त्यांनी उगाच कुणाला दोष देऊ नये, हा निसर्गाचाच नियम आहे. मी पहिल्या रांगेत होते. माझ्या चपलांकडे बघत बसले. विज्ञानच असं म्हणत असेल, तर मी ते शिकून करणार काय?

आभार मानायचं काम सरांकडे होतं. ते माइकपाशी गेले आणि आमच्याच बोलीत बोलले. "पाहुण्यायचे आभार. एक गोष्ट सांगतो अन् बसतो. आमच्या तलावात हातभर मरळ होती, सगळ्यात ताकदीची. ते गेली. वीतभर टिकली. जाळ्यात मोठी अडके, लहान निसटे, म्हून. कोण टिकणार ते ताकदीनं नाई ठरलं, जाळ्यानं ठरलं. अन् ते जाळं निसर्गानं नाई विणलं, आमच्याच माणसायनं विणलं. चांगल्या मनानं विणलं, पण विणलं. म्हून पोरांनो, कोणी मागं दिसला, तर त्याच्यात खोट पाह्याच्या आधी जाळं पाहा."

मागे बाबाजी उठून उभे राहिले. "आमच्या माणसायनं नाई," ते म्हणाले. "मी विणलं." आणि सरांकडे न बघता मंडपाबाहेर निघून गेले. आता हे भांडण जन्मात मिटत नाही, असं आम्हाला वाटलं.

महिन्याभरात सरांच्या बदलीचा कागद आला. संस्थेची दुसरी शाळा, पार कुरखेड्याच्या पलीकडे. का, ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ते जायच्या दिवशी सकाळी तलावात जाळं पडलं. सरांच्या आईने मसाला वाटून ठेवला होता. लेक दूर चालला, त्याला आज सगळ्यात मोठी मरळ खाऊ घालायची होती. मी पाळीवर उभी होते. जाळं ओढलं तर त्यात एक हातभर मरळ, कितीतरी दिवसांनी दिसलेली. "मास्तरले नेजा, बाबाजी," सगळे म्हणाले. छातीभर पाण्यात उभ्या बाबाजींनी ती दोन्ही हातांत धरली, थोडा वेळ बघितली आणि पाण्याखाली नेऊन हात सोडले.

"अजी, पोरगा आज चालला ना," एकजण कळवळून म्हणाला.

"म्हूनच," बाबाजी म्हणाले.

दुपारी मी सरांकडेच जेवायला होते. पानात लाखोरीची डाळ आणि भात होता. सरांची आई धुसफुसत वाढत होती. सरांनी पानाकडे बघितलं आणि मला विचारलं, आज मासोळी नाई का? मी तोंड उघडायच्या आत बाबाजींनी उत्तर दिलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा थेट त्यांना. "होती. हातभर होती. सोडली."

सरांनी मान खाली घातली. पानातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. मग त्यांनी पुन्हा भात मागितला, आणि बाबाजींनी आईच्या हातातलं भांडं घेऊन तो स्वतः वाढला.