ठोकळ्यांचा ट्रॅक्टर

परवा एका साडीचा फॉल उसवला म्हणून शिवणाचा डबा काढला. बटणं, हुक, तुटक्या माळांचे मणी अशा पसाऱ्यात बोट फिरवताना ते हाताला लागलं: करड्या प्लास्टिकचं, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, कडेनं दाते असलेलं एक चाक. खिडकीच्या उजेडात धरलं, तर दात्यांची टोकं एका बाजूनं घासलेली दिसली. कुणीतरी बारीक कानस घेऊन, चष्मा नाकावर ओढून, अगदी सावकाश घासली असावीत तशी. ते कुणी घासलं हे मला ठाऊक आहे. आणि ते माझ्या डब्यात कसं आलं हेही. मी ते चोरून आणलं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या, वर्गातली हरवलेली पेन्सिल कुणाच्या दप्तरात आहे हे चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या बाईनं, स्वतःच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या टेबलावरून.

त्याच्याबद्दलचा संशय माझ्यात तेराव्या वर्षी शिरला. भिवापूरकडे आमचं शेत होतं. मिरची वाळली की खळ्यावर लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसायचं आणि शिंका देत देत आम्ही पोती भरायचो. त्या दुपारी नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्यायची पोती ट्रॉलीत चढत होती. खळ्याकडून बांधाकडे जाणारा चढ होता, त्या चढावर ट्रॅक्टर तोंड वर करून उभा होता. दादा एकोणीस वर्षांचा. त्यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि पाणी प्यायला विहिरीकडे गेला. चढावर ट्रॅक्टर बंद करून उभा करताना तो गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे मागे घसरत नाही. मी ट्रॉलीच्या मागे वाकून सांडलेल्या मिरच्या पदरात वेचत होते. आईची जुनी साडी मी हौसेनं गुंडाळली होती त्या दिवशी. ट्रॉली मागे आली तेव्हा काहीच आवाज झाला नाही, हे मला अजून नवल वाटतं. एवढं मोठं धूड, आणि मांजरासारखं आलं. मी उडी मारली, पण साडीत अडकले, आणि डावा पाय चाकाखाली गेला.

शुद्धीवर होते मी. म्हणून बाबांचं पहिलं वाक्य मला स्पष्ट आठवतं. मला उचलायच्या आधी, धावत येतानाच ते ओरडले, "गिअर मारला नसन यानं! गिअर मारला नसन!" दादा विहिरीकडून पळत आला, मला उचललं आणि म्हणाला, "मारला होता बाबा. पहिला मारला होता." एवढंच. त्यानंतर त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही. बाबा मात्र सांगत राहिले. दवाखान्यात, सोयऱ्यांमध्ये, मला पाहायला येणाऱ्या मंडळींमध्ये. ती मंडळी आधी माझ्या चालण्याकडे पाहायची, मग चहाच्या कपाकडे, आणि मग घड्याळाकडे. माझं लग्न झालं नाही. त्याचं दुःख मी केव्हाच करून संपवलं, कारण पुढे मला शाळा मिळाली, नागपुरात स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं, आणि एकटं राहण्यातलं सुखही कळलं. पण दादा राखी बांधून घ्यायला हात पुढे करायचा तेव्हा दरवर्षी माझ्या मनात तेच यायचं: या हातानं तो गिअरचा दांडा पुढे ढकलला होता की नव्हता?

संशयाची एक गंमत असते. तो पोसायला काही लागत नाही. दादानं माझ्या फीचे पैसे भरले, मला वाटलं, अपराधी वाटत असेल. खापरखेड्याला वीज केंद्रात फिटर म्हणून लागला आणि पहिल्या पगारात माझ्यासाठी खास बूट करून आणले, मला वाटलं, हाही अपराधच. तो गप्प बसला तर मनात चोर आहे म्हणून, आणि हसला तर विसरला म्हणून. अशी चाळीस वर्षं गेली. बाबा गेले, आई गेली, शेत वाटून विकलं गेलं, ट्रॅक्टर भंगारात गेला. मी मात्र तो प्रश्न सांभाळून ठेवला. आणि एकदाही तोंडानं विचारला नाही.

दादा निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज खाली घेतलेला. "बाई, तुमचे भाऊ काय करून राहिले मले तं समजतच नाही. जेवण झालं का मागच्या खोलीत जातात अन् कडी लावतात. दर आठ-पंधरा दिवसांनी खोकं येते. हलवलं तर खुळखुळ वाजते. विचारलं तं म्हणतात, काही नाही, टाइमपास."

"काय येतं खोक्यात?"

"पोरीनं पुण्याहून पाठवलं होतं नं ते, प्लास्टिकचे ठोकळे. गाड्या बनवाचे. तेच आता स्वतः मागवून राहिले. पण ठोकळ्यासाठी कोणी कडी लावते का वं बाई?"

मी हसले, पण दुसऱ्याच दिवशी ऑटो करून मानेवाड्याला त्याच्या घरी गेले. दादा दार उघडायला आला तो हात पुसत. मागच्या खोलीत टेबलावर चादर टाकलेली होती आणि चादरीखाली कसलीतरी उंचसखल वस्तू होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वहिनी देवळात गेल्या होत्या. "थांब, तुले आवडते थो चिवडा घेऊन येतो नाक्यावरून," म्हणत तो चप्पल घालून बाहेर पडला. फाटकाची कडी वाजली, आणि मी चादर उचलली.

आधी कौतुकच वाटलं, ते सांगितलं पाहिजे. हातभर लांबीचा लाल ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, आणि सगळं चालतं. मी मागचं चाक बोटानं फिरवलं तर आतल्या दांड्या फिरल्या, दात्यात दाते अडकत गेले आणि पुढे बॉनेटमध्ये चार इवलेसे पिस्टन खालीवर व्हायला लागले. स्टिअरिंग वळवलं की पुढची चाकं वळत. सीटपाशी एक लहानसा दांडा होता. तो ढकलला की पोटातलं एक चाक सरकून दुसऱ्यात गच्च बसायचं, टक असा आवाज करून. वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरावीत म्हणून मागच्या चाकांच्या आसात जी रचना असते, तीसुद्धा त्यानं बसवली होती. आमच्या आजोबांच्या घरी उमरेडला हातमाग होता. मागावर ताण्याचे उभे धागे भरताना त्यांची बोटं अशीच न चुकता चालायची म्हणतात. मी वाकून पाहत राहिले. आणि मग मला डाव्या मडगार्डचा कोपरा दिसला. तो मुद्दाम वाकवलेला होता. आमच्या ट्रॅक्टरचाही वाकला होता, बाभळीला घासून.

मग बाकीचं दिसायला लागलं. ट्रॅक्टर एका तिरप्या फळीवर उभा होता, तोंड वर करून. ट्रॉलीत तांदूळ भरून शिवलेल्या चिमुकल्या पिशव्या. शेजारी वही, वहीत दादाचं टपोरं अक्षर: सुटला, नाही सुटला, नाही सुटला, सुटला. आणि कानस. कानशीशेजारी करड्या पुडीचा बारीक ढीग आणि तीन-चार चाकं, दाते घासलेली. माझं डोकं तापलं. म्हणजे हे चाललंय कडी लावून! गिअर मारलेला असला तरी सुटू शकतो, हे दाखवायचं. आणि सुटत नाही म्हटल्यावर दाते कानशीनं घासायचे, सुटेपर्यंत. फाटक वाजलं. मी एक चाक उचलून पर्समध्ये टाकलं आणि चादर होती तशी केली. चिवडा खाल्ला. चांगला होता म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी त्याचा फोन. "एक लहानसं चाक सापडून नाही राहिलं. तुह्या पिशवीत वगैरे पडलं काय, पाह्य बरं."

"माझ्या पिशवीत कशाला येईल?" मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. मी मोबाइल हातात धरून तशीच बसले. त्याचं खोटं शोधत मी चाळीस वर्षं काढली आणि दोघांमध्ये सिद्ध झालेलं पहिलं खोटं माझं होतं.

तरी जायला आठवडा घेतला. गेले तेव्हा चादर नव्हतीच, दारही उघडं होतं. मी चाक त्याच्यासमोर ठेवलं. आवाज चढणार नाही असं ठरवून गेले होते, पण चढला. "दादा, तूच दाते घासलेस. मग गिअर सुटणारच ना! हा कसला पुरावा?"

तो रागावला नाही. चाक उचलून त्यानं फुंकर मारली. "पुरावा नाहीच वं. कोणाले दाखवाचं आहे आता? ज्याले दाखवाचं होतं थे बाबा गेले." मग समोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस. पाय दुखन उभं राहून."

मी बसले. त्यानं सांगितलं ते सलग सांगितलं नाही. मध्येच चाकं पुसत होता, मध्येच खिडकीबाहेर पाहत होता. त्या महिन्यात पहिला गिअर दोनदा आपोआप सुटला होता. दाते झिजले होते, ओझं आलं की चाक सरकून बाहेर यायचं. त्यानं बाबांना सांगितलं होतं, दोन्ही वेळा. बाबा म्हणाले होते, मिरची निघू दे, मग उघडू.

"मग त्याच दिवशी काहून नाही सांगतलं?" माझ्या तोंडून आपोआप घरची बोली आली.

"बाबा तुह्या पायापाशी बसून लहान पोरावानी रडत होते. त्याइले माहीत होतं नं. म्हणून तं मले पाहाच्या आधीच ओरडले." त्यानं आणखी एक चाक पुसून ठेवलं. "अन् मंग सगळे म्हणत राहिले, यानं गिअर नाही मारला. तू तं बोलत नव्हती, पण पाहत होती. इतके वर्षं आयकून आयकून मलेच वाटाले लागलं, का खरंच नसन मारला. रात्री हात आठवाचो माहा. दांडा ढकलला का नाही? आठवण तं आहे, पण आठवणीचा काय भरोसा? म्हणून हे. झिजलेला गिअर चढावर सुटू शकते का, एवढंच मले पाहाचं होतं. सुटू शकते. दर बार नाही, पण सुटते."

बाबांवर मी जीव टाकायचे. त्या क्षणी माझ्या संशयाचं तोंड त्यांच्याकडे वळायला लागलं आणि मी ते वळू देत नव्हते. हाही एक डाव असेल, मेलेल्या माणसावर दोष ढकलणं सोपं असतं, असंही मनात येऊन गेलं. मनाला सवयच तशी लागली होती.

आणि मग दादा म्हणाला, "एक चूक मात्र माही आहे. चढावर उभा केला का चाकाखाली दगड लावाचा, हे मले माहीत होतं. गिअर सुटते हे माहीत असून दगड नाही लावला. तहान लागली होती. दोन मिनिटात येतो म्हटलं. थो दगड कोणीच नाही विचारला मले कधी. बाबानंही नाही अन् तूही नाही."

खरंच, दगडाचं कुणी कधी बोललं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या उलटतपासणीत तो मला सुचलाच नव्हता. त्यानं तो स्वतःहून माझ्यापुढे आणून ठेवला. जो माणूस स्वतःला सोडवायला बसला आहे, तो असं करत नाही. मॉडेलनं मला काही पटवलं नसतं. फळीवर पुढे आम्ही दोघांनी मिळून वीसदा ट्रॅक्टर उभा केला, कधी सुटला, कधी नाही. मला पटलं ते त्या दगडामुळे. मी त्याचा हात धरला आणि खूप रडले. तो म्हणाला, "चाक ठेव तुह्याकडे, मले दुसरं घासता येते," आणि मग आम्ही दोघंही रडता रडता हसलो. वहिनी चहा घेऊन दारात आल्या, आम्हाला पाहून तशाच परत फिरल्या.

बाबांना मी माफ केलं का, हे अजून सांगता येत नाही. ओरडणारा तो माणूस घाबरलेला बाप होता हे कळतं, आणि नंतर इतकी वर्षं शांतपणे तेच सांगणारा माणूस कोण होता हे कळत नाही. काही प्रश्न विचारायला आपण उशीर करतो आणि उत्तर देणारे निघून जातात. एक प्रश्न मात्र मी वेळेत विचारला, जेमतेम वेळेत, आणि तोही चोरी करून. आता कधी कधी वाटतं, तेराव्या वर्षी दवाखान्याच्या खाटेवरून मी नुसतं म्हटलं असतं, दादा, काय झालं रे? तर दोन माणसांची किती वर्षं हलकी झाली असती.

तो ट्रॅक्टर त्यानं गेल्या महिन्यात मोडला. सगळे ठोकळे रंगांप्रमाणे डब्यांत भरले आणि क्रेन करायला घेतली, त्याच्या वीज केंद्रातल्या कोळशाच्या यार्डात असायची तशी, दोरीनं ओझं उचलणारी. तिचा मनोरा उंच आहे; आडव्या दांड्या ओवेपर्यंत कुणीतरी धरून बसावं लागतं. म्हणून दर गुरुवारी मी जाते. पाय लांब करून बसते, दोन्ही हातांनी ती झुलती पोकळ चौकट धरते आणि दादा चष्मा नाकावर ओढून एकेक पिन दाबत वर जातो. काल शेवटची पिन बसली, तरी मी धरूनच होते.

"सोड आता," तो म्हणाला.

"पडेल."

"नाही पडत. सोडून तं पाह्य."

मी हात काढले.