साईंनी बांधलेलं न्हाणीघर

हरेशभाईंची पंचाहत्तरी आली. त्यांच्या या गौरवग्रंथात सगळे शिकलेले लोक लिहितायत, त्यात मीही लिहावं असा कारखान्यातल्या मंडळींचा आग्रह. माझी शाळा दुसरीपर्यंत. जोडाक्षरं नात बघून देतेय. आम्ही बाया त्यांना सिंधी रीतीने मानाने साईं म्हणतो, तसंच लिहिते.

पहिली भेट उल्हासनगरच्या एका गाळ्यात. जुन्या कॉम्प्युटरच्या हिरव्या पट्ट्या आम्ही उघड्या पिंपात तेजाबात बुडवायचो, तांबं-सोनं सुटायला. माझं माहेर नदीकाठच्या मांजर्लीचं, पुराला कधी भ्याले नाही. तेजाबाला मात्र भ्यायचे. साईं दारात उभे राहून खोकले. म्हणाले, "मौसी, ये धुआं जाता किधर है?"

"तुमच्या नाकात. उभे कशाला राहिलात?"

ते हसले, आणि थोड्याच दिवसांत आम्हा बायांना आनंदनगरच्या आपल्या नव्या कारखान्यात घेऊन गेले.

तिथे तेजाब झाकणबंद काचेच्या भांड्यात, धूर पाइपातून पाण्यात धुऊन निघायचा. पहिलं सोनं उतरणार म्हणून आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसलो. साईंनी कसलीशी पावडर टाकली, तर तळाला बसला तपकिरी गाळ! आमची फशीबाय म्हणाली, "साईं, सोनं कुठाय? ही तर मशेरी!"

"लाव दाताला," साईं म्हणाले, "हसलीस की चमकशील."

मुशीत वितळवल्यावर कुठे पिवळा मणी दिसला. तो त्यांनी आधी आमच्या तळहातावर ठेवला, मग माल घेणाऱ्या पार्टीला दाखवला.

पण माझं चित्त सोन्यात नव्हतं. घरी नात झालेली. कपड्यांना तेजाबाचा वास, पट्ट्यांची धूळ. जवळ घेतलं की पोर खोकायची. मग मीच अंघोळीचं पाणी तापेपर्यंत मागच्या दारी बसायचे. तोवर ती रडून झोपलेली असायची.

हे फशीबायने चहाच्या वेळी साईंना सांगितलं. त्यांच्या केबिनसाठी विटा येऊन पडल्या होत्या. त्यांनी गवंड्याला हाक मारली, "केबिन कॅन्सल. बायांना न्हाणीघर बांध, गरम पाण्यासकट."

साईंचा मुलगा चिडला, "पप्पा, पार्टी आली तर बसवणार कुठे?"

"स्टुलावर. सोफा बघायला येतात काय?"

अजूनही साईंचं टेबल तेजाबाच्या भांड्यांशेजारीच आहे.

न्हाणीघर झालं त्या दिवशी मी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, ओल्या केसांनी घरी आले. नात रांगत आली. मी सवयीने मागे सरणार, तेवढ्यात तिने पदर धरला, उभी राहिली. उचलली, तर मानेत नाक खुपसून बसली. खोकली नाही.

साईं, तुमची शंभरी साजरी होवो, गुडघे साथ देवोत. आणि रोज संध्याकाळी दारात कुणीतरी लहानगं तुमच्या अंगावर असंच झेपावत येवो.