एकाच बाईची घरं

बाबांची बदली नाशिकला झाली, घर हललं आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी मी बडोद्यातच मागे राहिले. सुभानपुऱ्यात एका गुजराती काकींकडे खोली होती. त्या रोज विचारायच्या, "जमी लीधुं, बेन?" मी मान हलवायचे, जेवलेली असो वा नसो.

संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या होत्या, प्रोजेक्ट नीट उभा राहिला तर पीएच.डी.ला घेईन. मला तेवढंच हवं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

आकडे प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या बायकांच्या रक्ताचे होते. निम्म्या घरांना लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, निम्म्यांना नाही. रक्त घ्यायला होम सायन्सच्या मुली यायच्या. त्यांच्या गप्पा गुजरातीत रंगायच्या आणि मी दाराशी चपलांजवळ उभी राहून आकडे उतरवायचे. एक नर्स तिथे एकटीच राहायची. बोट पुढे करत मला म्हणाली, "माझं एकटीचं काय मोजता? शेजारी जा, तिथे बायकांची फौज आहे." सगळ्या हसल्या.

पहिल्या खेपेला मी प्रत्येक बाई सुटी धरली. गोळ्यांचा परिणाम लख्ख दिसला. मॅडमनी कागद परत सरकवले.

"अगं, सासू-सुना एकाच कुकरमधली डाळ खातात. त्या सुट्या कशा? घराचा वाटा वेगळा काढ."

म्हणजे प्रत्येक घराची, आपल्याला न दिसणारी, स्वतःची थोडी वाढ किंवा घट असते असं मानायचं. आणि ती किती धरली तर हाती आलेले आकडे येण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरते, ते शोधायचं. लॅबमधला कॉम्प्युटर एका उत्तराला दुपार घ्यायचा. उत्तर आलं तेव्हा परिणाम पुसट झाला होता. आहे की नाही, ठामपणे सांगता येईना. माझी पीएच.डी.ही त्यातच गेली असं धरून मी पानं मॅडमपुढे ठेवली.

त्यांनी ती उलटसुलट पाहिली. "यात एकटी राहणारी एकही नाही?"

"काढल्या, मॅडम. घरात एकच बाई असली तर तिचं घरातल्या कुणाशी किती जुळतं, हे कळत नाही."

"ते नाही कळत. पण गोळ्यांनी तिचं रक्त वाढलं का, ते कळतं ना? कुणी सांगितला हा शहाणपणा? घाल परत."

क्वार्टर्समध्ये अशी घरं मला वाटलं होतं त्याहून बरीच होती. ती घातल्यावर परिणाम पहिल्याइतका मोठा आला नाही, पण शंका उरली नाही.

"हं," मॅडम म्हणाल्या. "जूनमध्ये ये."

संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"संपलं ना एकदाचं?" आई म्हणाली. "सामान कधी आणतेस?"

"मी इथेच राहतेय. पीएच.डी. करणार आहे."

"तिथे आता आपलं कोण आहे गं?"

"आई, मागे लोक थांबलेत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. बूथबाहेर कुणीही नव्हतं.