मसाल्याची बाटली

रविवार, सकाळ. हजर: माझा भाऊ विलासदादा, वहिनींची विद्यार्थिनी शबाना आणि मी. ठिकाण: दादाचं कोल्हापुरातलं घर. वहिनी जाऊन महिना झाला होता आणि त्यांचं कामाचं कपाट आवरायचं होतं. माझं मंगल कार्यालय आहे, त्यामुळे आधी हजेरी मांडायची आणि मग कामाला लागायचं ही सवय. त्या दिवशी मांडता मांडता वहिनींचंही नाव लिहिलं गेलं आणि ते खोडायला मन होईना.

वहिनी शास्त्रज्ञ होत्या. सर्दी-खोकल्याचे विषाणू नाकातून शिरतात, ताप येतो, उतरतो. पण काही माणसांना नंतर वास येत नाही, शब्द आठवत नाहीत, काहींचा स्वभावच बदलतो. हे का होतं, यावर त्या आयुष्यभर लिहीत राहिल्या. त्यांचे शोधनिबंध मला कळत नसत. माझा संबंध फक्त बाटल्यांशी. सुरुवातीला वासाच्या चाचणीसाठी त्यांनी परदेशी संच मागवला होता. बिद्रीकडच्या एका गावात एका म्हातारीला त्यातला एकही वास ओळखता येईना. वहिनींनी तिचा वास गेल्याची नोंद केली, आणि तेवढ्यात म्हातारी आत तोंड करून म्हणाली, "सूनबाई, दूध लागलं की गं." घरी येऊन वहिनी हसत होत्या. "वन्सं, बाईंचं नाक शाबूत आहे. माझ्याच बाटल्या परक्या." तेव्हापासून बाटल्या मी भरू लागले: गूळ, भाजके शेंगदाणे, कोथिंबीर आणि आमच्या घरचा कांदा-लसूण मसाला. वास उडून जातो, म्हणून दर महिन्याला नव्यानं. पुढच्या खेपेला त्याच म्हातारीनं मसाला हुंगला. "ह्यो वळखला. पर भाकरी कुठाय, बाई? नुसतं हुंगायलाच बोलवलं व्हय?"

एकदा मी बाटल्या द्यायला गेले असताना गगनबावड्याकडचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. "ताप गेल्यापासनं ही उठसूट वसकन अंगावर येती. त्या तापानंच का हे?" वहिनी म्हणाल्या, "पुष्कळ माणसांचं मिळून मला सांगता येतं. यांच्या एकट्यांचं नाही सांगता येत." ते म्हणाले, "मग मी रागवायचं कुणावर? हिच्यावर का तापावर?" वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

गेल्या वर्षी वहिनींनाच तसला ताप आला. बऱ्या झाल्या, पण बोलताना एखाद्या शब्दापाशी अडायला लागल्या. मी नेहमीसारखी भरलेल्या बाटल्या घेऊन गेले, मांडणीत जागेवर लावल्या, तर दारातूनच म्हणाल्या, "वन्सं, तुमची शिस्त तुमच्या कार्यालयात. माझ्या घरात नको. परत येऊ नका." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आणि त्या वाक्यात त्या एकदाही अडल्या नाहीत. म्हणजे ते त्यांच्या मनात आधीपासून होतं का? तसं असेल तर त्यांची चूक नाही. दुसऱ्याची मांडणी लावायची खोड मला आहेच. की तो ताप बोलत होता? मी परत गेले नाही. पुढचा फोन दादाचा आला, वहिनींचं हृदय बंद पडल्याचा.

कपाटातून शबानानं बाटल्यांचा डबा काढला. आतलं सगळं वाळून काळं पडलं होतं. मी विचारलं, "वहिनींनी स्वतःची चाचणी केली होती का गं?"

"मी मागं लागले होते की. मॅडम म्हणायच्या, बाटल्या शिळ्या झाल्यात, वन्सं भरून आणतील तेव्हा बघू."

दादानं डब्याचं झाकण लावलं. त्या माझी वाट बघत होत्या? की मला येऊ नका म्हटलेलं विसरल्या होत्या? की चाचणीची भीती वाटून मला पुढं करत होत्या? घरी येऊन तिन्ही शक्यता कागदावर लिहिल्या. कुठल्याच पुढे खूण करता येईना... ज्यांना विचारायचं, त्यांनी एकट्या माणसाचं सांगता येत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं.

शबाना पुन्हा गावांत जाणार आहे. बाटल्या मीच भरून देईन म्हटलंय. गूळ झाला, शेंगदाणे झाले, कोथिंबीर ती न्यायला येईल त्या सकाळी. मसाला कुटून बरणीत तयार आहे. त्याची बाटली धुऊन ओट्यावर उपडी घातली, ती केव्हाच वाळली. तेवढी भरायची राहिली आहे.