फडक्याआडचे आरोपीकाका

आमच्या आरोपीकाकांचा चेहरा उभ्या महाराष्ट्राने कधीच पाहिला नाही, आणि तरीही ते टीव्हीवरचे नट होते. नाशिकच्या आसपास शूटिंग होणाऱ्या एका 'अस्सल वास्तववादी' गुन्हेमालिकेत ते काम करायचे. पोलीस आरोपीला जीपमधून उतरवून कोर्टात नेतात तेव्हा त्याच्या तोंडावर काळं फडकं असतं ना, त्या फडक्याच्या आत काका असायचे. खून करायला मुंबईहून देखणा नट यायचा. उन्हातान्हात धक्के खायला आमचे सातपूरचे काका.

मालिका इतकी वास्तववादी होती, की इन्स्पेक्टर गोदावरीत उडी मारून बाहेर आला तरी त्याचा भांग मोडत नसे. दिग्दर्शक सारखा ओरडायचा, "मला सगळं रिअल पाहिजे!" ते रिअल फक्त काकांच्या वाट्याला यायचं. हवालदार झालेली पोरं त्यांना खरोखर ढकलायची.

काकांनी मात्र त्या फडक्याचंही शास्त्र केलं होतं. "खुनी खाली बघत चालतो," ते सांगायचे, "चोर इकडेतिकडे बघत. आणि पतसंस्था बुडवणारा ताठ चालतो, त्याला वकिलावर भरवसा असतो." कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, वेळ भरपूर. सकाळी डोक्यावरून टॉवेल घेऊन कॉलनीत चालण्याचा सराव करायचे. एकदा नव्याने राहायला आलेल्या बाईंनी आरडाओरडा करून रखवालदाराला बोलावलं. काका आठवडाभर खूश होते.

काकू कधीच खूश नव्हत्या. मालिका लागली की त्या पाहुण्यांना दाखवायच्या, "ते बघा, डावीकडचं फडकं. ते आमचे हे." आणि मग काकांकडे वळून, "माझे डोळे मिटायच्या आत एकदा तोंड दाखवा हो टीव्हीवर. माहेरचे म्हणतात, मी फेकते."

तो योग आला. मालिका कशी बनते यावर, पडद्यामागचे खरे चेहरे दाखवणारा माहितीपट काढायचं वाहिनीने ठरवलं. काकांची चक्क मुलाखत झाली, फडक्याशिवाय. काकूंनी शर्टाला पुन्हापुन्हा इस्त्री केली होती. कसं वाटतं, असं विचारल्यावर काका अगदी भरून येऊन म्हणाले, "साहेब, मी आजवर कितीतरी खून केले. पण चेहरा कुणाला दिसू दिला नाही." मी शेजारीच उभा होतो. सगळे हसले, टाळ्याही पडल्या.

माहितीपट लागला त्या दिवशी काकांचं घर माणसांनी भरलं होतं. सटाण्याहून काकूंचा भाऊही आला होता. इन्स्पेक्टरने आपली मेहनत सांगितली, दिग्दर्शकाने वास्तववादावर प्रवचन दिलं. मग इस्त्रीचा शर्ट आला. शर्टाच्या वर, चेहऱ्याच्या जागी, धुरकट चौकटी होत्या. आवाज घोगरा केलेला, आणि खाली पट्टी: 'एक सराईत गुन्हेगार. ओळख लपवली आहे.' मुंबईत बसून मुलाखतींची काटछाट करणाऱ्या कुणा हुशार माणसाला काका खरेच खुनी वाटले होते.

"दाजी, तुम्ही कोठे शेतस?" भावाने अहिराणीत विचारलं, यात तुम्ही कुठे आहात म्हणून.

काका मांडीवर थाप मारून हसले. "अरे, खरा वाटलो की मी त्यांना! यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं?" आम्हीही हसलो. काकू उठून आत गेल्या, आणि मग काकांचं हसू फार वेळ टिकलं नाही.

मी वाहिनीला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की ही तर काकांच्या अभिनयाला दादच आहे, आणि चूक लवकरच दुरुस्त होईल. ती अजून दुरुस्त होतेच आहे. दरम्यान साध्या तापाचं निमित्त होऊन काका गेले. त्या सगळ्या मालिकेत त्यांच्याइतकं खरं कुणी नव्हतं, आणि मला त्यांची फार आठवण येते.

परवा काकूंनी मला हाक मारली. मोबाइलवर तीच मुलाखत लावली होती.

"तू कंप्युटरवाला ना रे? यांच्या तोंडावरचं हे धुरकट पुसता येतं का?"

"नाही येत, काकू."

"बरं, राहू दे." त्यांनी पदराने मोबाइलची काच पुसली. "हात तरी त्यांचेच दिसतात." आणि मुलाखत पुन्हा पहिल्यापासून लावली.