रिकाम्या बाटलीतली कॉफी

डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले, एक नाकपुडी बोटाने दाबायला लावली आणि दुसरीखाली बाटली धरली. "कसला वास येतो?"

मी आठवल्यासारखं केलं. आधीच्या बाटलीला मी 'लवंग' म्हणालो होतो आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला होता, म्हणजे ते बरोबर असावं. आता कॉफीच असणार, कारण आत येतानाच टेबलावर कॉफीची पुडी दिसली होती.

"कॉफी," मी म्हणालो. वर "जरा जुनी आहे," असंही जोडून दिलं.

"डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "ही बाटली रिकामी आहे. आधीचीही रिकामीच होती."

शाळेत मी कधी कॉपी करताना सापडलो नाही. चोपन्नाव्या वर्षी सापडलो.

त्यांनी कागदावर शब्द लिहिला, ॲनॉस्मिया. म्हणजे वास घेण्याची शक्ती जाणं. नाक जागेवर असतं, श्वास नीट चालतो, सर्दी नसते, फक्त वास येत नाही.

"किती दिवस झाले?"

"दोन-तीन आठवडे."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तीन महिने," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय आहे? त्यासाठी आधी माझ्या नाकाची कीर्ती सांगायला हवी. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत मी दुसऱ्या कशासाठीही ओळखला जात नाही. नोकरी पाटबंधारे विभागात कारकुनाची, गाणं येत नाही, भाषण येत नाही. पण नाक तिखट. सिलिंडरच्या काळात कोणाकडे टाकी बदलली की निरोप यायचा, वानखडे भाऊले बोलवा. मी जायचो, रेग्युलेटरजवळ वाकायचो, दोनदा हुंगायचो आणि निकाल द्यायचो. मग चहा व्हायचा. पुढे पाइपलाइन आली, रस्ते खणले गेले, भिंतीवर पाइप चढला, बाहेर मीटर बसलं. जोडणी करणाऱ्या वसीमने प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून दाखवलं, फुगे आले तर गळती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो गेल्यावर समोरच्या इंगोले काकूंनी मला हाक मारली. "भाऊ, त्याचे फुगे राहू द्या. तुमी एकडाव नाक लावून पाहा."

माझी बायको कुंदा शिक्षिका आहे. बदली होऊन अकोल्याला गेली, जुन्या शहरातल्या शाळेत. रोज जाणं-येणं तिच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून तिथेच खोली केली. शनिवारी मूर्तिजापूरवरून येणाऱ्या बसने घरी, सोमवारी पहाटे परत. मुलगी लग्न होऊन दूर. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस घरात मी आणि टीव्ही.

हिवाळ्यात ताप आला. तीन दिवस अंगदुखी, घसा, मग बरं वाटलं. चौथ्या दिवशी मिरचीचा ठेचा केला आणि शिंका आल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं, पण ठसका नाही, वास नाही. जिभेला तिखट कळत होतं, मीठ कळत होतं. बाकी काही नाही. भाकरी म्हणजे गरम पुठ्ठा.

सर्दी उतरली की येईल, असं मी स्वतःला सांगितलं. आठवडे गेले. दोन दिवसांचं आंबलेलं वरण खाऊन पोट बिघडलं. दूध नासलेलं दिसेपर्यंत कळेना. मला स्वतःच्या घराचा वास येत नव्हता, हे सगळ्यात वाईट. दार उघडून आत शिरल्यावर आपलं घर आहे हे आधी नाकाला कळतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कपाटात कुंदाची शाल असते. ती नाकाशी धरून पाहिली. धुतलेलं कापड. बस.

तिला फोनवर सांगितलं नाही. तिथे एकटी राहते, उगाच काळजी, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण साधं होतं. नाक गेलं तर वानखडे भाऊ उरतो कशाला?

आणि मग तो सोमवार. संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर इंगोले काकू फाटकाशी उभ्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा-सून पुण्याला.

"भाऊ, मले गॅसचा वास येऊन राहिला थोडासा. पाह्यता काय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गेलो. वाकलो. दोनदा हुंगलो. काहीच आलं नाही, आणि माझ्या बाबतीत आता ते नेहमीचंच होतं.

"काही नाही काकू. भास आहे तुमचा."

"पन मले त सकाळपासून..."

"काकू, मी सांगून राहिलो ना."

"मंग नसंन," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्यासमोर शेगडी पेटवली, चहा ठेवला. मी तो प्यालो. तुम्हाला सांगतो, तो कप मी आजही विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर पाहायला आलेला माणूस काकूंच्या दारातच थबकला. मी आजारपणाची रजा टाकून घरी होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आणि धावत तिकडे गेलो. त्याने काकूंना हात धरून बाहेर काढलं. पाइपवरचा व्हॉल्व्ह आडवा करून बंद केला, खिडक्या उघडल्या, पंख्याच्या बटणाकडे जाणारा माझा हात ओरडून थांबवला. "बटण दाबू नका! ठिणगी पडते." फोनसुद्धा त्याने फाटकाबाहेर जाऊन लावला. तासाभरात वसीम आला. शेगडीला जोडलेल्या रबरी नळीला टोकाशी चीर गेली होती. साबणाचं पाणी लावल्याबरोबर फुगे आले, एकामागून एक, मोजता येणार नाहीत इतके.

"हे आजचं नाही," वसीम म्हणाला. "वरचा झरोका खुला होता म्हनून वाचल्या मावशी. हा गॅस हलका, वर जाते."

काकू माझ्या बाजूने बोलल्या. "नाही रे बाबा, काल भाऊनं नाक लावून पाह्यलं होतं. रातीच फाटली असंन."

मी ते तसंच राहू दिलं.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो आणि तिथेही रिकाम्या बाटलीत कॉफी शोधली. सवय अशी लागते.

त्यांनी नाकातून दुर्बीण घातली. नेझल एंडोस्कोपी म्हणतात, बारीक नळीला कॅमेरा असतो. दुखत नाही, पण जीव कसनुसा होतो. मग एमआरआय. नळकांड्यात निजवतात आणि यंत्र ठोकाठोकी करत राहतं. बाहेरच्या बाकावर प्रत्येक पेशंटजवळ कोणीतरी होतं, थर्मास घेऊन, फाइल घेऊन. माझी फाइल माझ्याच मांडीवर होती. नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हणालो, "येऊन राहिले." कोणी येत नव्हतं.

मेंदू साफ निघाला. विषाणूने वासाचे तंतू दुखावले होते.

"परत येईल का?"

"येऊ शकतो. वेळ सांगता येत नाही, पूर्ण येईल असंही सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधापेक्षा सराव. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ, वीस-वीस सेकंद, तो वास आठवत हुंगायचा. आणि एक सांगते. गॅसला स्वतःचा वास नसतो. तुम्हाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम घालतात. तुम्हाला तोच कळत नाही. हा एकट्याने ठेवायचा आजार नाही. घरात सांगा, शेजारी सांगा."

बाटल्या आणल्या. घरात सांगितलं नाही. सकाळी सहा वाजता ओट्यापाशी उभा राहून रिकाम्या घरात लवंग आठवत बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, खिडकीच्या काचेत. आठव्या आठवड्यात कॉफीतून जळक्या टायरचा वास आला. मी आनंदाने फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, याला पॅरोस्मिया म्हणतात, तंतू जुळताना चुकीचे जुळतात, चांगलं लक्षण आहे. माझ्यासारखंच आहे म्हणायचं, उत्तर चूक, पण प्रयत्न चालू.

एका रविवारी, कुंदा घरी असताना, काकूंची हाक आली. वसीमने तेव्हाची तात्पुरती नळी काढून नवी बसवली होती. "भाऊ, एकडाव नाक लावून जा."

मी गेलो. कुंदाही मागोमाग आली, कैरीच्या लोणच्याची वाटी घेऊन. मी शेगडीपाशी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. उभं राहून बोलायची हिंमत नव्हती.

"काकू, मले वास येत नाही. हिवाळ्यापासून. त्या दिवशी बी येत नव्हता. मी खोटं बोललो तुमाले."

शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होतो. काकू स्टुलावर टेकल्या.

"म्हंजे मले आलता तो वास खरा होता?"

"हो, काकू."

"अरे देवा," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "मी त म्हनलं, माहं डोकं चाललं आता. तुमी भास म्हनले ना, तवापासून मी कशावरच भरोसा नाही ठेवून राहिली. भाजी जळल्याचा वास आला तरी वाटे, भासच असंन. सून म्हने, डोक्याच्या डॉक्टरले दाखवू. मी हो म्हनून बसली."

माझ्या नाकापायी एका म्हातारीने आपलं शाबूत नाक निकामी ठरवलं होतं. यावर विनोद करायचा मी खूप प्रयत्न केला. झाला नाही.

त्या दिवशी ठरलं. आता काकू आमच्याकडे येऊन वास घेतात आणि मी त्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावतो. दोन्ही घरांत गॅस ओळखून किंचाळणारं यंत्र बसवलं, पाइपचा गॅस म्हणून छताजवळ. टाकी असेल तर ते खाली, जमिनीजवळ लावा, तो गॅस जड असतो. आणि तुमचं नाक गेलं असेल तर आजच कोणाला तरी सांगा. मला आता लवंग येते. लिंबू कधी येतं, कधी नाही. गॅस अजून नाही.

त्या रविवारी काकूंकडून घरी आल्यावर कुंदा परात घेऊन बसली. कणीक मळत राहिली. मी म्हटलं, बोल ना काही.

"काय बोलू? लागोपाठ तीन शनिवार माह्या हातानं वरण करपलं. तिन्ही डाव तुमी चूपचाप जेवले. मले वाटलं, यायले आता भांडाची बी गरज वाटत नाही माह्याशी. अकोल्याच्या खोलीत तेच घेऊन बसो मी." तिने हात धुतले, पुसले. "आता करपलं त सांगजा. वास नाही येत त राहू द्या, काळं झालेलं त दिसते ना जी तुमाले?"